विचारल्यानंतरचं वर्ष

माझा धाकटा भाऊ तासगाव तालुक्यातला द्राक्ष बागायतदार. घरात सगळे त्याला आप्पा म्हणतात. गेल्या वर्षी त्याला नैराश्याचा आजार झाला. जीव द्यावा असे विचार कित्येक महिने रोज त्याच्या मनात येत होते. आज तो उपचार घेतो आहे आणि बागेतही जातो आहे. हे लिहायला त्याची परवानगी आहे. त्याने दोनच अटी घातल्या. गावाचं नाव घालायचं नाही आणि गोळीनं जादू झाली असं लिहायचं नाही.

दुसरी अट मला पुरेपूर पटते. घरातल्या चार-पाच माणसांनी कित्येक महिने जे केलं ते साधं, रोजचं, कंटाळवाणं काम होतं. गोळी वेळेवर द्यायची, किल्ल्या सांभाळायच्या, त्याच्याजवळ बसायचं, तारखेला दवाखाना गाठायचा. आत्महत्या रोखण्याबद्दल व्यासपीठांवरून फार मोठ्या शब्दांत बोललं जातं. आमच्या घरात ते काम कसं झालं एवढंच मला सांगायचं आहे, कारण अशी वेळ आलेल्या घराला नेमकी हीच माहिती लागते.

मी मिरजेजवळ प्राथमिक शाळेत शिकवते. एका संध्याकाळी भावजयीचा फोन आला. "वन्सं, तुम्ही एकदा येऊन जावा. हे बागेतच जाईनात."

ऑक्टोबर छाटणी झालेली असताना द्राक्षवाला बागेत जात नाही, हे आमच्या भागात कुणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही. पाऊस झाला की दावण्या या बुरशीरोगाच्या भीतीने ही माणसं रात्री बॅटऱ्या लावून फवारण्या करतात. आप्पा तर मजुरांच्या आधी बांधावर हजर असणारा. लागोपाठ दोन हंगाम पावसाने नेले होते. एकदा ऐन फुलोऱ्यात पाऊस लागला आणि घड कुजले, दुसऱ्यांदा मण्यात पाणी भरल्यावर लागला आणि मणी तडकले. सोसायटीचं कर्ज होतं, औषध दुकानाची उधारी होती. त्यामुळे घरात सगळ्यांचं मत एकच, टेन्शन आहे, हंगाम धरला की सुधारेल.

पण भावजय फोनवर आणखीही बरंच सांगत गेली. पहाटे तीनला जाग येते ती येतेच, मग उंबऱ्यावर बसून राहतात. छातीत धडधडतं, डोकं जड होतं, पोटात आग पडते, त्यासाठी पित्ताच्या गोळ्या चालू आहेत आणि फरक काही नाही. अर्धी भाकरी ताटात तशीच राहते. बागायतदारांच्या ग्रुपवर रोज शंभर मेसेज वाचणारा माणूस मोबाइल उघडत नाही. झोप यावी म्हणून रात्री थोडी घ्यायला लागलेत. "माझ्यापायी सगळं बुडालं" हे एकच वाक्य परत परत. आणि मग तिने ज्या दोन गोष्टी सहज सांगितल्यासारख्या सांगितल्या, त्या ऐकून मी दुसऱ्या दिवशीची रजा टाकली. कर्जाचे, विम्याचे, सातबाऱ्याचे सगळे कागद त्याने एका फाइलीत लावून मुलाला दाखवून ठेवले होते. आणि हौसेने घेतलेला नवा फवारणी पंप चुलतभावाला देऊन टाकला होता.

शिक्षकांच्या एका प्रशिक्षणात एका मानसतज्ज्ञ बाईंनी आम्हाला मुलांच्या संदर्भात काही खुणा सांगितल्या होत्या. माणूस आवराआवर करायला लागला, आवडीच्या वस्तू वाटायला लागला, आपण ओझं झालोय असं बोलायला लागला, की थेट विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, हे अभ्यासांतून पुन्हा पुन्हा दिसलं आहे. आधीच शिरलेला असेल तर तो बाहेर पडायला वाट मिळते. "असं काही मनात नाही ना?" असं विचारू नका, कारण त्या प्रश्नाला समोरचा "नाही" असंच म्हणतो, असंही त्या म्हणाल्या होत्या. तो तपशील माझ्या डोक्यात पक्का राहिला होता.

रात्री गावी पोचले. सकाळी चहा झाल्यावर आप्पाला म्हटलं, चल, शेडकडे जाऊन येऊ. बेदाण्याचं शेड वर्षभर रिकामंच होतं. रॅकच्या जाळ्यांवर धूळ साठली होती. तो पायरीवर बसला आणि काडीने मातीत रेघा ओढायला लागला. मी झोपेपासून सुरुवात केली.

"कुठली झोप आक्का. तीनला डोळा उघडतोय. मग नुसतं वर बघत पडायचं."

"त्या वेळी मनात काय येतं?"

"काय येणार. हेच."

"हेच म्हणजे काय? जगायला नको असं वाटतं? जीव द्यावा असं येतं मनात?"

काडी थांबली. तो लगेच बोलला नाही आणि मीही बोलले नाही. मग म्हणाला, "येतं."

"रोज?"

"रोजच. पहाटेला लई."

"कसं, कधी, हेही ठरवलंयस?"

त्याने मान हलवली, आणि सांगितलं. ते मी इथे लिहिणार नाही, ते वाचून कुणाचंही भलं होणार नाही. पण विचारणं गरजेचं होतं. मनात नुसता विचार येणं वेगळं आणि कसं-कधी हे ठरलेलं असणं वेगळं. दुसऱ्या प्रकारात डॉक्टरला गाठायला आठवडा थांबायचं नसतं. बोलून झाल्यावर त्याने पाणी मागितलं आणि तांब्याभर पाणी एका दमात प्यायला. "कुणाला सांगताच येईना गं. सांगितलं की घर हादरंल."

मी एवढंच म्हटलं की मला सांगितलंस ते फार बरं केलंस. हा आजार आहे, याचे डॉक्टर असतात, उद्या सकाळी आपण सांगलीला जायचं. तोवर तू एकटा राहायचं नाहीस. तो म्हणाला, घरात सांगू नको. त्याला मी नकार दिला. "बायकोला आणि आईला सांगणार. गावाला नाही. पण या दोघींपासून लपवणार नाही." अशी गोष्ट गुपित ठेवण्याचं वचन कधी द्यायचं नसतं.

"पोरांकडे बघ" हे मी मुद्दाम बोलले नाही. पुढे बरा झाल्यावर आप्पानेच सांगितलं, "पोरांकडं बघितलं की उलट वाटायचं, माझ्यामुळं यांचं वाटोळं होतंय, यांना मोकळं करावं." या आजारात माणसाला खरोखरच असं दिसतं की आपण नसलो तर घरच्यांचं बरं होईल. तो हिशेब त्याला चोख वाटतो. अशा वेळी मुलांची आठवण करून दिली की त्या हिशेबात आणखी एक आकडा वाढतो. त्याऐवजी त्याच्याजवळ राहणं आणि त्याला उपचारापर्यंत नेणं एवढंच आपल्या हातात असतं.

त्या दिवसभरात मी आणि भावजयीने जे केलं ते सगळ्यात महत्त्वाचं होतं असं मला आजही वाटतं. पंपाच्या खोलीत आणि घरामागच्या फडताळात फवारणीची औषधं होती, अर्धे डबे, उघडी पाकिटं, गेल्या हंगामातलं उरलेलं. ते सगळं दोन पेट्यांत भरून शेजारच्या जाधवकाकांच्या खोलीत नेऊन कुलूप लावलं. किल्ली काकांकडे. काकांना कारण सांगितलं आणि त्यांनी एक प्रश्न न विचारता पेट्या स्वतः उचलल्या. घरातल्या गोळ्यांचा डबाही भावजयीने आपल्या कपाटात ठेवला. जे जे धोक्याचं वाटलं ते हाताआड केलं. लोक म्हणतात, ज्याला करायचंच आहे तो काहीतरी शोधणारच. हे खरं नाही. जीव देण्याची ती ऊर्मी लाटेसारखी चढते आणि ओसरते, आणि चढलेल्या घटकेत साधन हाताशी नसलं तर पुष्कळ माणसं वाचतात, आणि वाचलेल्यांपैकी बहुतेक जण पुढे त्या मार्गाला जात नाहीत. श्रीलंकेने अति विषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आणली, तेव्हा १९९५ नंतरच्या दोन दशकांत तिथलं आत्महत्यांचं प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी खाली आलं. तिथली शेती काही बुडाली नाही. आपल्याकडे शेतकरी कुटुंबात हे डबे चुलीपासून हाकेच्या अंतरावर असतात. प्रत्येक कृषी सेवा केंद्राने कुलपाची पेटी विकायला हवी असं मला मनापासून वाटतं.

रात्री साडेदहाच्या सुमाराला तो फार अस्वस्थ झाला. सकाळपर्यंत कसं निभवायचं म्हणून मी १४४१६ लावला. हा मानसिक आरोग्याच्या मदतीसाठीचा केंद्र सरकारचा टेली मानस क्रमांक, १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालेला, चोवीस तास चालतो आणि पैसे पडत नाहीत. भाषा निवडायला सांगतात, मराठी निवडली. पलीकडच्या मुलीने आधी माझ्याकडून ऐकलं, मग आप्पाला फोन द्यायला सांगितला. तो जवळजवळ पाऊण तास तिच्याशी बोलला. मी आयुष्यात त्याला फोनवर एवढा वेळ बोलताना पाहिलेलं नाही. तिने शेवटी मला विचारलं, आज रात्री त्यांच्या खोलीत कोण झोपणार, धोक्याच्या वस्तू हलवल्या का, उद्या किती वाजता निघणार. प्रश्न अगदी व्यवहाराचे होते आणि मला त्यांचाच आधार वाटला.

सांगलीच्या सरकारी दवाखान्यात मानसोपचाराच्या बाकावर बसताना आप्पाने टोपी डोळ्यांवर ओढून घेतली होती. ओळखीचं कोणी भेटेल ही भीती. भेटलंही. आमच्याच बाजूच्या गावचे एक गृहस्थ पत्नीला घेऊन आले होते. दोघांनी एकमेकांना नुसता रामराम घातला. मग हळूच पावसाचा विषय निघाला, मग बागेचा. नंबर येईपर्यंत दोघे दावण्यावर बोलत होते.

डॉक्टर वयाने लहान होत्या पण घाई करत नव्हत्या. त्यांनी आधी त्याला एकट्याला आत घेतलं, मग आम्हाला. नऊ प्रश्नांचा एक तक्ता होता. गेल्या दोन आठवड्यांत कशातच रस न वाटणं, उदास वाटणं, झोप, थकवा, भूक, स्वतःला कमी लेखणं, लक्ष न लागणं, हालचाल मंदावणं किंवा बेचैनी, आणि शेवटचा मरणाच्या विचारांचा. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण सत्तावीस. वीस किंवा त्याच्या वर गेलं की तीव्र. आप्पा वीसच्या वर होता. मग त्यांनी उलट दिशेचे प्रश्न विचारले. कधी असं झालं होतं का, की झोप कमी पण अंगात दांडगा उत्साह, नको तेवढा खर्च, अखंड बडबड? कारण तसं असेल तर आजार वेगळा आणि गोळीही वेगळी. थायरॉइड, बी-१२, साखर, हिमोग्लोबिन तपासायला लिहून दिलं. थायरॉइड कमी पडलं तरी माणूस असाच मंद होतो. आणि दारूबद्दल स्पष्ट सांगितलं, ती झोप आणते असं वाटतं पण पहाटेची झोप मोडते, मन आणखी खाली खेचते आणि ताबा सोडायला लावते. या दिवसांत अजिबात नको.

मग त्यांनी विचारलं, घरात आणखी कुणाला असा त्रास होता का? मी आणि भावजय एकमेकींकडे पाहायला लागलो. आई कोपऱ्यात पदर तोंडाला लावून बसली होती. ती म्हणाली, "ह्याच्या धाकल्या काकाला होतं."

आम्हाला लहानपणापासून सांगितलं होतं की काका अपघातात गेले. आईने त्या खोलीत, एका अनोळखी डॉक्टरीणबाईसमोर, आमच्या देखत खरं काय ते सांगितलं. काकाही असेच रात्री जागे असत, असेच जेवण टाकत, आणि तेव्हा देवऋष्याशिवाय कुठे न्यायचं हे कुणाला माहीत नव्हतं. "तवा कुणी ईचारलंच न्हाई त्येला," असं आई म्हणाली. डॉक्टरांनी ते कागदावर लिहून घेतलं आणि आईला सांगितलं, आजी, हे सांगितलंत म्हणून मला मोठी मदत झाली. घरात आधी असं घडलेलं असेल तर धोका अधिक धरून चालावं लागतं. याचा अर्थ ते नशिबात लिहिलेलं असतं असा मुळीच नाही. साखरेचा किंवा रक्तदाबाचा कल घराण्यात असतो, तसाच हाही असतो.

हेच ऐकून माझी एक गाठ सुटली. कर्ज, पाऊस ही कारणं होतीच. पण आमच्या शिवारात आप्पापेक्षा दुप्पट कर्जात असलेली आणि तोच पाऊस झेललेली माणसं आहेत, त्यांना हा आजार झाला नाही. आत्महत्येच्या बातमीत एका ओळीत कारण छापलं जातं, कर्जाला कंटाळून, नापास झाल्याने, घरगुती वादातून. माणूस इतक्या एका ओळीत मावत नाही. घराण्यातला कल, मोडलेली झोप, दारू, दोन वर्षांचं नुकसान, कुणाशी न बोलण्याची सवय, हे सगळं एकावर एक चढत जातं. यातली गोष्ट चांगली अशी की त्यातलं काहीही एक कमी केलं तरी भार हलका होतो.

भरती करायचं का, यावर डॉक्टरांनी बराच विचार केला. चोवीस तास सोबत राहील, औषधं हलवली आहेत, माणूस स्वतः बोलतो आहे आणि उपचाराला तयार आहे, म्हणून घरी ठेवून बघू म्हणाल्या. रात्री-अपरात्री वाढलं तर सरळ अपघात विभागात आणायचं. एस्सिटालोप्राम नावाची गोळी कमी डोसने सुरू केली, झोपेची गोळी थोड्या दिवसांपुरती दिली. गोळ्या एकदम जास्त न देता पुढच्या तारखेपर्यंतच्याच दिल्या, आणि त्या भावजयीच्या हातात.

आमच्या एका नातेवाइकांनी तोवर फोन करून घाबरवलं होतं की असं सरकारी कागदावर लिहून आलं की पोलीस केस होते. डॉक्टरांना विचारलं. मनात विचार येणं हा गुन्हा कधीच नव्हता. प्रयत्न केलेल्या माणसाबद्दलही २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम ११५ असं सांगतं की तो तीव्र ताणाखाली होता असं गृहीत धरायचं, त्याला शिक्षा करायची नाही, आणि त्याची काळजी घेणं, उपचार देणं हे सरकारचं कर्तव्य. प्रयत्नाला गुन्हा ठरवणारं जुन्या दंडसंहितेतलं कलम ३०९ तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेत आलेलंच नाही. या भीतीपोटी किती माणसं दवाखान्याच्या पायरीवरून परत फिरली असतील, या विचाराने मला आजही चीड येते.

आता त्या पहिल्या सहा आठवड्यांबद्दल, कारण घरच्यांची खरी कसोटी तिथे असते.

गोळी पोटात गेली की बरं वाटतं अशी आपली समजूत असते. ही गोळी तशी नाही. पहिल्या आठवड्यात आप्पाला मळमळ झाली, हात किंचित थरथरायचे, बेचैनी वाढल्यासारखी वाटली. तो म्हणायला लागला की हे काही उपयोगाचं नाही. डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं म्हणून भावजय ठाम राहिली. मग आधी झोप सुधारली. तीनची जाग चारवर गेली, मग पाचवर. मग भूक. एका दुपारी त्याने पिठलं परत मागून घेतलं, तर भावजयीने ते मला खास फोन करून सांगितलं. तोवर मन मात्र काळंच होतं.

आणि इथेच डॉक्टरांनी आम्हाला बजावलं होतं. अंगात बळ आधी येतं, मन मागून सुधारतं. मधल्या दिवसांत माणूस हिंडाफिरायला लागतो, घरच्यांना वाटतं सुटलो, पहारा ढिला पडतो, आणि आतला विचार अजून गेलेला नसतो. म्हणून बरं दिसायला लागल्यावर जास्त लक्ष द्यायचं. आमचं वाटून घेतलेलं होतं. पहाटे आई उठून त्याच्याजवळ बसायची, जपमाळ घेऊन, काही न बोलता. दिवसा भावजय. रात्री माझा भाचा त्याच्या खोलीत झोपायचा. शनिवार-रविवार मी. भाच्याला आम्ही सगळं खरं सांगितलं होतं. बारावीच्या वर्षात त्याच्यावर हे ओझं कशाला, असं काही जण म्हणाले. पण त्याला फाइल दाखवली गेली होती, त्याला आधीच अंदाज होता. खरं कळल्यावर तो उलट सुटला. धाकट्या भाचीला एवढंच सांगितलं की बाबांना मनाचा आजार झालाय, डॉक्टर बरं करतायत, आणि त्यात तिची काही चूक नाही. हे शेवटचं वाक्य लहान मुलांना सांगावंच लागतं.

दुसऱ्या-तिसऱ्या भेटीपासून दवाखान्यातले समुपदेशक आप्पाशी बोलायला लागले. तो विचार मनात आला की क्रमाने काय काय करायचं, याचा एक कागद त्यांनी त्याच्याकडूनच लिहून घेतला. अमेरिकेतल्या बार्बरा स्टॅनले आणि ग्रेगरी ब्राउन या मानसशास्त्रज्ञांनी ही पद्धत बसवली आहे आणि ती जगभर वापरतात. कागद आप्पाच्या अक्षरात आहे. वर लिहिलंय, "पहाटे जाग आली आणि मनात आकडे सुरू झाले, म्हणजे सुरुवात झाली." त्याखाली एकट्याने करायच्या गोष्टी, उठून तोंड धुणे, म्हशींना वैरण टाकणे, दूध काढेपर्यंत तिथेच थांबणे. मग, जाधवकाकांच्या ओट्यावर जाऊन बसणे, बोलायची गरज नाही. मग, कुणाला सांगायचं, मुलगा, आक्का. मग १४४१६ आणि दवाखान्याचा नंबर. शेवटी, औषधांची किल्ली काकांकडे राहील. एवढंच. "चांगले विचार करणे" वगैरे त्यात एक शब्द नाही.

हा कागद खरोखर उपयोगी पडला. छाटणी-फवारणी चुलतभावाने सांभाळून बाग कशीबशी उभी ठेवली होती, आणि एका रात्री गडगडाटासह पाऊस आला. आप्पा ताडकन उठला. भाचा सांगतो, बाबा घामाने भिजले होते, पत्र्यावरचा आवाज ऐकत नुसते उभे होते. मग त्यांनी भिंतीवरच्या कागदाकडे बोट केलं आणि म्हणाले, "चल, म्हशींकडं." बापलेक छत्री घेऊन गोठ्यात गेले. वैरण टाकली. आप्पा मुलाला म्हणाला, "आत्ता आलाय तो विचार." मुलगा म्हणाला, "येऊ दे, मी आहे." उजाडेपर्यंत दोघे तिथेच बसले. सकाळी मला फोन आला, त्या आठवड्याची भेट आम्ही ठरल्या तारखेच्या आधीच घेतली आणि डॉक्टरांनी डोस वाढवला.

समुपदेशकांनी दिलेलं दुसरं काम म्हणजे रोज एक ओळ बाग. मन लागो न लागो, एक ओळ चालून यायची, एक काम करायचं, वहीत टीक करायची. आप्पाला हे पोरकट वाटलं. पण या आजारात मन लागलं की काम करू असं म्हणत बसलं तर मन लागतच नाही, काम आधी करावं लागतं. तो म्हणाला, "छाटणी केल्यावर काडी आठवडाभर वाळल्यागत दिसती, तरी पाणी द्यायचंच असतंय की." त्यानंतर मी त्याला कधी समजावत बसले नाही.

नातेवाइकांबद्दल थोडक्यात. आले, बसले, चहा घेतला. तुला काय कमी आहे, मन घट्ट कर, व्यायाम कर, अमक्याच्या देवाला नारळ ठेव. आईने नारळ ठेवलाही आणि गोळीही चालू ठेवली, त्यात काही बिघडलं नाही. पण "मन घट्ट कर" ऐकल्यावर आप्पा दोन दिवस जेवला नव्हता, म्हणून पुढे भावजय पाहुण्यांना ओसरीवरूनच वळवायची. ज्यांचा उपयोग झाला ती माणसं वेगळी. एक मित्र रोज संध्याकाळी येऊन पत्ते मांडायचा. दुसऱ्याने न सांगता बागेवर दोन फवारण्या मारून दिल्या. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ माणसांनी आत्महत्या केली, त्यांत महाराष्ट्रातली २२,७४६, सगळ्या राज्यांत जास्त. देशभरातल्या दर दहांत सात पुरुष. आपल्या पुरुषांना पत्ते खेळताना बोलता येतं, बागेत काम करताना बोलता येतं. समोरासमोर बसून "मन मोकळं कर" म्हटलं की ते गप्प होतात. मित्रांनी हे लक्षात ठेवावं.

कर्जाचा प्रश्न गोळीने सुटणार नव्हता आणि कुणी तसं म्हणतही नव्हतं. पण झोप लागायला लागल्यावर आप्पा एका रविवारी स्वतः वही घेऊन बसला. मी बेरजा करत होते. रक्कम मोठी होती, पण त्याच्या डोक्यात पहाटे फिरत होती त्याच्या जवळपास निम्मीच निघाली. सोसायटीच्या सचिवांना भेटून हप्ते पुन्हा बांधून घेतले, अर्धा एकर जुनी बाग काढून तिथे ऊस लावला. औषध दुकानदाराने सहा महिन्यांची सवड दिली. आजारात यातलं एकही काम त्याच्याच्याने झालं नसतं, आणि "आधी कर्जाचं बघू, मग दवाखान्याचं" असं आम्ही केलं असतं तर दोन्ही राहिली असती.

चौथ्या महिन्यात तो म्हणाला, मी ठणठणीत आहे, गोळी बंद. इथे डॉक्टर फार कडक होत्या. बरं वाटायला लागल्यापासून पुढे किमान सहा ते नऊ महिने तोच डोस, नाहीतर आजार उलटण्याची शक्यता मोठी. बंद करायची तर हळूहळू कमी करत, आणि कधी ते त्यांनी ठरवायचं. एकदम सोडली तर चक्कर, चिडचिड, अंगात विजेसारख्या शिणका येतात. सवय लागेल ही भीती त्याला होती. या गोळीची दारूसारखी तलफ लागत नाही, डोस वाढवत न्यावा लागत नाही, हे त्यांनी त्याला शांतपणे समजावलं. आप्पाने ऐकलं.

आता डोस कमी करायला सुरुवात झाली आहे. या वेळच्या ऑक्टोबर छाटणीच्या तोंडावर तो पूर्ण बंद करायचा नाही, पावसाचा हंगाम पार पडू द्यायचा, असं डॉक्टर आणि आप्पा दोघांनी मिळून ठरवलं. नऊ प्रश्नांचा तो तक्ता अजून दर भेटीला भरतात. गेल्या वेळी शेवटच्या प्रश्नाला शून्य होतं. तरी मी घरी गेले की अधूनमधून त्याला तोंडाने विचारते, आणि तो आता चिडत नाही, नीट उत्तर देतो. फवारणीची औषधं अजून जाधवकाकांकडेच असतात. आप्पा म्हणाला, रोज तिकडनं आणायची कटकट होते, आता परत आणू या. भावजय म्हणाली, राहू देत तिथंच. डॉक्टरांना विचारलं तर त्यांनी भावजयीची बाजू घेतली, आणि आता काकांनी स्वतःची औषधंही त्याच कुलपात ठेवायला सुरुवात केली आहे.